वार कचरा नव्हती

त्या बाईने माझ्या हातून फिर्यादीतला एक शब्द खोडून घेतला, हे मी अजून विसरलेलो नाही. तेव्हा मी पनवेलमध्ये पोलीस निरीक्षक होतो.

सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. वीटभट्टीवर काम करणारी, पाच दिवसांची बाळंतीण सासूसोबत ठाण्यात आली. नवीन पनवेलमधल्या एका प्रसूतिगृहाने तिची वार, म्हणजे बाळामागून पडणारी नाळेची गादी, परत दिली नव्हती. तिच्या घरच्या रीतीप्रमाणे ती अंगणात पुरतात. ठाणे अंमलदार हसला.

"बाई, इथे चोरीचे मोबाइल सापडत नाहीत, तुझी वार कुठे शोधू?"

"गेली कुठं ते ठावं हाय," ती म्हणाली. "आयाबाई बोलली, बर्फाच्या डब्यातून रोडपालीला नेतात. तिची सुई बनवतात."

मी फिर्याद लिहून वाचून दाखवली. 'प्रसूतीनंतरचा जैविक कचरा' या शब्दांवर तिने मला थांबवले.

"कचरा नाय. माझी वार हाय. तसं लिवा, नायतर सही नाय करणार."

"नियमात तोच शब्द आहे."

"मंग ज्यानं नियम लिवला त्याला बोलवा. मी सांगते त्याला."

"घरात बी अशीच हाय, साहेब," सासू म्हणाली. मी शब्द खोडला, 'वार' लिहिले. मग तिने सही केली.

औषध निरीक्षक आणि दोन पंचांसह रोडपालीतल्या फ्लॅटवर छापा घातला. डीप फ्रीझरमधल्या डब्यांवर बायकांची नावे आणि तारखा होत्या. एकावर तिचे नाव. शेजारी इंजेक्शनच्या कुप्या. वारेच्या मूळपेशींतून बाहेर पडणारे सूक्ष्म कण गुडघ्याची झीज भरून काढतात, असे पत्रकात छापले होते. औषध निरीक्षकांनी स्पष्ट सांगितले: यावर संशोधन सुरू आहे, पण असे इंजेक्शन विकायला परवानगी नाही.

चौकशीत प्रसूतिगृहाचे डॉक्टर निवांत होते. त्यांनी संमतीपत्र पुढे केले.

"प्रसूतीआधी लेबर रूममध्ये समजावून सही घेतली आहे."

मी केसपेपर उघडला. त्यांच्याच नर्सच्या अक्षरात नोंद होती: मूल कळंबोलीजवळ रिक्षातच जन्मले, दवाखान्यात फक्त वार पडली.

"कोणत्या लेबर रूममध्ये, डॉक्टर?"

त्यांनी संमतीपत्र परत फाईलमध्ये सरकवले. मग म्हणाले, "साहेब, कचऱ्यासाठी एवढं कशाला?"

"कचरा होता, तर पत्रकात औषध कसं झालं?"

संमतीपत्रे आठवड्यातून एकदा रिसेप्शनवर बसून एकदम भरली जात, सह्यांसकट, हे त्यांनी त्यानंतर कबूल केले.

तपासणी झाल्यावर डबा नियमाप्रमाणे जाळून टाका, असे वरून सांगण्यात आले. तो तिला परत मिळावा म्हणून मी न्यायालयात अर्ज केला. ऑफिसात मला 'सुईणसाहेब' म्हणू लागले. म्हणू दिले. परवानगी मिळाली.

ती डबा न्यायला आली तेव्हा मूल बसू लागले होते. नोकरीभर मी नियमातले शब्द बिनचूक लिहिले. ते कोणाच्या सोयीचे आहेत, हे विचारायला तिने शिकवले. मुद्देमाल परतीच्या पावतीवर कारकुनाने पुन्हा 'जैविक कचरा' लिहिले होते. या वेळी तिला बोलावे लागले नाही. पेन माझ्या हातातच होते.