आईचा गुडघा आणि दोन कॉलेजं

नीटचा निकाल लागला, आमच्या गावात, कळसाडीत, पेढे वाटून झाले, आणि खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा होता. मला हवं होतं मोठ्या शहरातलं कॉलेज, घरापासून रात्रभराच्या प्रवासावरचं. तिथल्या ग्रंथालयाचा व्हिडिओ पाहिला तेव्हाच मी मनानं तिथे राहायला गेले होते. पण आमच्या घरात आईच्या होकाराशिवाय म्हैससुद्धा घेतली जात नाही.

"घर न पाहता पोर कोनी देस का?" ती म्हणाली. "मंग कॉलेजले कशी देवानी?"

म्हणून मी, आई आणि वडील शहाद्याहून एसटीनं निघालो. आईनं खास स्थळ बघायला जायची साडी नेसली होती.

मला वाटलं, ती वसतिगृह बघेल, जेवण चाखेल. तिनं गेटातून आत जाताच सरळ कॉलेजच्या दवाखान्यातली केसपेपरची रांग धरली आणि स्वतःचा गुडघा दाखवायला उभी राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गुडघा खरंच दुखायचा, त्यामुळे बोलायचीही सोय नव्हती. आतल्या डॉक्टरांनी मान खाली घालूनच नाव विचारलं आणि मान खाली घालूनच गोळ्या लिहिल्या. बाहेर आल्यावर आई गप्प. ती गप्प झाली की समजायचं, निकाल लागला. मी तिला ग्रंथालय दाखवलं, तर नुसतं "बरं" म्हणाली. मला इतका राग आला की परतीच्या वाटेवर मी दशम्यांना हात लावला नाही.

पुढच्या आठवड्यात जवळचं कॉलेज. भिंतींचे पोपडे निघालेले, पंखा कुरकुरणारा. मी नाकं मुरडतच आत गेले. इथेही आई रांगेत. तिला तपासणारा शिकाऊ डॉक्टर कोकणातला निघाला. त्याला अहिराणीचं ओ की ठो कळेना, पण पठ्ठ्यानं खुर्ची पुढे ओढली, "मावशी, बसून दाखवा, उठून दाखवा" केलं, शेतात तण निंदायला किती वेळ बसता ते विचारलं, आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून व्यायाम शिकवला. आई बाहेर आली ती हसतच. माझा जीव टांगणीला.

परतताना एसटीत वडील म्हणाले, "मंग जवळनंच कॉलेज वर टाक."

"नही," आई मागे पडलेल्या कॉलेजकडे बोट दाखवत म्हणाली. "आठे चांगला पोऱ्या शेतस. त्या दुसरा कॉलेजमा मुंडी वर करीसन पाहनारं कोनी नही. तू तठेच जाय." तठे, म्हणजे तिथे, माझ्या ग्रंथालयाच्या कॉलेजात!

इतके दिवस मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, की ही मला घराबाहेर सोडणार नाही म्हणून. मी भर एसटीत हुंदके देऊन रडले. आई म्हणाली, "रडू नको. मुंडी वर कर."