जवारी लावताना

मिरजेच्या बाजारातल्या आमच्या गल्लीत तंबोऱ्याचं एकच दुकान उरलं होतं. गेल्या मंगळवारी तेही पाडलं. ढिगाऱ्याजवळून जाताना लाखेचा वास आला आणि तीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

दुकानमालक अण्णा एका गायिकेच्या तंबोऱ्याची जवारी लावत होते. तारेखाली दोरा सरकवत नेमका गुंजणारा स्वर कानानं शोधायचा असतो. तेवढा वेळ समोरचे तांबट हातोडे खाली ठेवत. गल्लीचा तो रिवाजच होता. त्या दिवशीही ते थांबले. शेजारच्या नव्या कॅसेटच्या दुकानातलं गाणं मात्र चालू राहिलं.

अण्णा उठून तिथं आले आणि कॅसेटवाल्याला म्हणाले, "गड्या, अर्धा तास बंद ठेव की रं."

"आवं अण्णा, गाणं बंद केलं तर गिऱ्हाईक वळंल का? तुमीच दार लावून घ्या."

"दारानं आवाज थांबत न्हाई, बाबा."

मी कॅसेटवाल्याच्या काउंटरपाशी उभा होतो. हसत हसत मी आवाज वाढवायला सांगितलं आणि त्यानं तो वाढवला. तेव्हा ती गंमत वाटली. आज माफी मागावी तर अण्णा नाहीत, तांबटही नाहीत.

अण्णा परत गेले आणि तासभर तारेला कान लावून बसले. मग त्यांनी दोरे काढले, तारा सैल केल्या.

"बाई, दुसरीकडं बघा," ते म्हणाले आणि तंबोरा गायिकेच्या हाती दिला.