शिकवणीवाल्या बाईंच्या खोलीतले आवाज

वरच्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई मेलेल्या माणसांना बोलावतात, अशी आमच्या इमारतीत बोलवा होती. उठवली कुणी ठाऊक नाही. मी आपला नुसता मीठमसाला लावला. कारण भर दुपारी त्यांच्या दारामागून तळमजल्यावरचे घड्याळवाले काका बोलताना मी स्वतः ऐकले होते. आणि काकांना जाऊन वर्ष होत आलेलं.

खरी गोष्ट निराळीच निघाली.

बाईंकडे समोरच्या शिंपीणबाईंची मुलगी शिकायला जायची. शाळेत पोरीच्या तोंडून शब्द फुटत नसे. मोठ्यानं वाचून दाखवलं नाही तर वरच्या वर्गात घालणार नाही, असं शाळेनं बजावलं होतं. त्यात ही बोलवा कानावर आली. शिंपीणबाई मशीन तशीच सोडून उठल्या.

"आत्ताच्या आत्ता घरी आणते तिला. चला हो वहिनी, एकटीला भीती वाटते."

मला काय, निमित्तच हवं होतं.

दार नुसतं लोटलेलं. आत पडदे ओढलेले. बाई कोपऱ्यात लोकर विणत गप्प बसलेल्या. पोर कपाटाकडे तोंड करून, पुस्तक नाकाशी धरून उभी होती. आणि वाचत होते काका! तीच घोगरी खाकरणी, तेच वाक्याआधी दम घेणं. पान उलटलं आणि तिच्या तोंडून मीच बोलायला लागले. आवाज माझा, मधेमधे "अगं बाई" माझं, धडा मात्र नदीचा.

"काय करून ठेवलंत हो माझ्या पोरीचं?" शिंपीणबाई पुटपुटल्या.

"मी काही केलं नाही. कुणी बोटानं गिरवून शिकतं, कुणी खोलीभर फिरून. काकांच्या दुकानात बसायची ना ही? हिला स्वतःच्या आवाजाची धास्ती वाटते, म्हणून दुसऱ्याचा अंगात घालून वाचते. पण वाचते, अडखळत नाही."

"शाळेत हसतील."

"वर्गशिक्षिकेशी बोललेय मी. भिंतीकडे तोंड करून वाचलं तरी चालेल म्हणाल्या."

तेवढ्यात पोरीनं पुढची ओळ घेतली. आवाज थकलेला, ओठांत टाचण्या धरून बोलल्यासारखा. शिंपीणबाईंचाच. त्या मटकन खाली बसल्या, ते धडा संपेपर्यंत उठल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "राहू दे तिला. संध्याकाळी नेते."

बाहेर पडता पडता मी बाईंना छेडलंच, "पण ही स्वतःच्या आवाजात बोलणार कधी?"

बाई म्हणाल्या, "बोलेल. तोवर जरा जपून बोलत जा, वहिनी. तुमचाच आवाज तिला सगळ्यात सोपा जातो."