उशिराची चिठ्ठी

भिकाजी धुरी सर मंगळवारी गेले आणि शाळेत गुरुवारी शोकसभा ठरली. सरांचा परिचय वाचण्याचं काम हेडक्लार्क सदानंद परबांकडे आलं. सरांच्या हाताखाली तेरा वर्षं काम केलेला शाळेत आता तेवढा एकच माणूस उरला होता, आणि तोही नोव्हेंबरअखेर निवृत्त व्हायचा होता.

सदानंदांनी फुलस्केप कागदाला समास पाडला आणि सवयीप्रमाणे क्रमाने लिहायला घेतलं. जन्म कुणकेश्वरचा. वडील भातशेती करणारे. गणिताचे शिक्षक म्हणून या शाळेत रुजू झाले आणि पुढे वीस वर्षं मुख्याध्यापक. आवाज बारीक, त्यामुळे ओरडण्याच्या भानगडीत कधी पडले नाहीत. वर्गात गोंगाट झाला की फळ्याकडे तोंड करून गप्प उभे राहायचे आणि मुलंच एकमेकांना गप्प करायची. धोतराचा जमाना गेला, सफारीचा आला आणि गेला. सरांचा पांढरा सदरा आणि खिशातली दोन पेनं तशीच राहिली. त्यातलं एक पेन नेहमी दुसऱ्या कुणासाठी असायचं.

पण सरांचं नाव पंचक्रोशीत झालं ते वेळापत्रकामुळे. त्यांच्या शेवटच्या आठ वर्षांत शाळेच्या घंटेला एक ठराविक वेळ नव्हती. खाडीपलीकडच्या मांगरवाडीतली तीसेक मुलं होडीने यायची. ओहोटी असली की होडी धक्क्याला लागत नसे, मुलांना चिखलातून यावं लागे आणि उशीर होई. सर दर महिन्याला पंचांग घेऊन बसत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्यांनी मासेमारी करणाऱ्या पालकांकडूनच शिकून घेतलं होतं. त्या हिशेबाने कधी शाळा दहाला भरे, कधी साडेअकराला. भरती-ओहोटीचा तक्ता सदानंद सुवाच्य अक्षरात लिहून सूचनाफलकावर लावत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, की शाळेची वेळ ठरवून देणारं परिपत्रक तुम्हाला मिळालं नाही का? सर शांतपणे म्हणाले, "मला मिळालं, साहेब. खाडीला अजून मिळालेलं नाही." साहेब हसले आणि शेरा न लिहिता चहा पिऊन गेले.

संध्याकाळी शाळा सुटली की सर धक्क्यावर जाऊन उभे राहत. होडी पलीकडे लागली की होडीवाला वल्हं उंच करून दाखवी, मगच सर घराकडे वळत. भर पावसातसुद्धा हे चुकलं नाही.

एवढं लिहून झाल्यावर सदानंदांचं पेन अडलं. हे सगळं कशामुळे सुरू झालं, ती ओळ लिहायची राहिली होती. गेली एकोणतीस वर्षं ती राहिलेलीच होती.

तो जुलै महिना होता. शिपाई रजेवर होता म्हणून फाटकाचं काम सदानंदांकडे होतं. वय एकोणतीस, बी. कॉम. फर्स्ट क्लास, आणि नियम म्हणजे नियम असं मानायचे दिवस. उशिरा आलेल्या मुलाला आपल्यासमोर आणावं, एवढंच सरांचं सांगणं होतं. सदानंदांनी त्यात स्वतःची भर घातली होती, की पालकांची चिठ्ठी असल्याशिवाय आत घ्यायचं नाही. त्या दिवशी आठवीतली किशोरी तारी अकरा मिनिटं उशिरा आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. तिचं दप्तर भिजलेलं होतं. सदानंदांनी फाटकाला कडी घातली आणि तिला आईची चिठ्ठी आणायला परत पाठवलं.

होडी केव्हाच परत गेली होती. पोर ओहोटीच्या उथळ वाटेने चालत निघाली आणि वरून डोंगराकडचा लोंढा आला. तिसऱ्या दिवशी ती देवबागच्या टोकाला सापडली.

सरांनी त्याच रात्री सदानंदांना घरी बोलावून घेतलं होतं. सदानंदांची बायको तेव्हा सहाव्या महिन्यात होती. ते सगळं बोलून टाकणार तोच सरांनी त्यांना थांबवलं.

"शाळेचं फाटक मुख्याध्यापकाचं असतं, सदानंद. कडी कोणाच्या हातानं लागली, हे बाहेरच्यांनी विचारायचं नसतं आणि आपण सांगायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी सर मांगरवाडीत गेले आणि किशोरीच्या आईला, शेवंतीला म्हणाले, की तुमच्या मुलीला मी परत पाठवलं. शेवंतीने त्यांना काहीतरी विचारलं, सरांनी मान खाली घालून काहीतरी उत्तर दिलं. सदानंद अंगणाबाहेर उभे होते, त्यांना ऐकू गेलं नाही. त्या दिवसापासून शेवंतीने सरांचं तोंड पाहिलं नाही. बाजारात मासळीची पाटी घेऊन बसलेली असताना सर समोरून आले, तर ती पाठ फिरवून बसे. सरांनीही मग ती वाट सोडली आणि मासळी खाणंच सोडलं. लोकांना वाटलं, उतारवयात माळकरी झाले.

सरांच्या निवृत्तीच्या दिवशी सदानंदांनी पुन्हा विषय काढला. सर म्हणाले होते, की आता सांगून त्या बाईला काय मिळणार? एकाच्या जागी दोघांचा राग करत बसेल. गेल्या महिन्यात सर अंथरुणाला खिळले, तेव्हाही सदानंद तेच विचारायला गेले होते. सरांनी फक्त आज तिथी कोणती ते विचारलं. षष्ठी म्हटल्यावर बोटांवर पाऊणपट केली आणि म्हणाले, "साडेचारला भरती. मुलं नीट जातील." खाडीवर पूल होऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

शोकसभेला हॉल भरला. सरांचा फोटो, हार, शेजारी अभिप्रायाची वही. सदानंद परिचय वाचायला उभे राहिले आणि त्यांना शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसलेली शेवंती दिसली. पूल ओलांडून चालत आली असावी. त्यांनी वेळापत्रकापर्यंत वाचलं. साहेबांच्या गोष्टीवर लोक हसले, डोळे पुसले. धक्क्यावरच्या गोष्टीशी सदानंदांनी वाचणं थांबवलं. कागद घडी करून ते खाली उतरले. लोकांनी समजून घेतलं, सरांचा माणूस होता.

सभा संपली. वहीत सह्या करून लोक पांगले. शेवंती जागची उठली नव्हती. सदानंद तिच्यासमोर जाऊन जमिनीवरच बसले. शाळेत कुणाशी मालवणी न बोलणारा हा माणूस त्या दिवशी मालवणीतच बोलला.

"वयनी, त्या दिवशी गेटाक कडी मी घातलंय. सरांका म्हायतसुद्धा नाय होता. चिठी आण म्हणान मीच तेका परत धाडलंय."

शेवंती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, या सगळ्याची सदानंदांनी तयारी केली होती. त्याची त्यांना आशाच होती म्हटलं तरी चालेल. पण तिने विचारलं ते वेगळंच.

"मगे, ता काय बोलला रे तुका?"

‘ता’ म्हणजे कोण, ते सदानंदांना आधी उमगलं नाही.

"माझा चेडू, माझी किशोरी. गेटार काय बोलला? मी मास्तराक इचारलंय, त्यान सांगल्यान, माका आठवणा नाय. माझ्या चेडवाचो शेवटचो शबूद, आणि ह्याका आठवणा नाय! गेट बंद केल्यान म्हणान नाय मी पाठ फिरवलंय. मुलां उशिरा येतत, मास्तर परत धाडतत. पण त्यान आठवक व्हया होता."

निदान त्या उत्तरात सर खोटं बोलले नव्हते. आठवायला त्यांनी ऐकलंच कुठे होतं? ज्याने ऐकलं, तो अंगणाबाहेर उभा होता, आणि एकोणतीस वर्षं एकही शब्द विसरला नव्हता.

"तेना सांगल्यान," सदानंद म्हणाले. त्या पोरीचं बोलणं त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. "'माझ्या आवशीक लिवूक येना नाय, सर. मीच लिवतलंय आणि ती अंगठो देतली. तसा चलात मां?'"

शेवंतीने पदर तोंडात धरला. खांद्यांचं हलणं थांबायला वेळ लागला.

"तू काय सांगलंस?"

"काय सांगूक नाय. मी आत गेलंय."

कुणीतरी पंखे बंद करून गेलं. बाहेर पुलावरून मोटारसायकली जात होत्या. शेवंतीने डोळे पुसले, फोटोकडे पाहिलं. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदाच समोरून पाहिलं असेल. फोटोतले सर तिच्या आठवणीतल्यापेक्षा फारच म्हातारे होते.

"बिचारो," ती म्हणाली. "माका खोटा कायतरी सांगल्यान असता, तरी माका पुरला असता. ता पण त्याका जमाक नाय."

मग तिने सदानंदांच्या खिशातल्या पेनाकडे बोट दाखवलं. "चिठी मागलं होतंस मां? लिव."

सदानंदांनी परिचयाचा कागद उलटा केला. कोणाच्या नावाने लिहू, असं त्यांनी विचारलं.

"धुरी सरांच्या."

ती सावकाश सांगत गेली आणि ते लिहीत गेले. आठवीतल्या किशोरीला आज उशीर होडीमुळे झाला, तिची काही चूक नाही, तिला वर्गात घ्यावं. सदानंदांनी खाली तारीख घातली, तीही आजची नव्हे, त्या दिवशीची. मग ऑफिसातून शाईचा पॅड आणला.

शेवंतीने अंगठा उठवला, नीट उठला की नाही ते पाहिलं, आणि चिठ्ठी स्वतःच नेऊन सरांच्या फोटोसमोर ठेवली.