अर्थशास्त्रवाल्याचा निष्कर्ष

प्रश्न विचारून माणसांचं भलं करता येतं, यावर मनापासून विश्वास ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि त्या विश्वासानं त्याचा जेवढा घात केला तेवढा भाऊबंदांनीही कुणाचा केला नसेल. आम्ही दोघं वाशिमच्या कॉलेजात एकाच वर्षी चिकटलो. मी मराठी शिकवायचो, तो अर्थशास्त्र. प्राध्यापकांच्या खोलीत माणसं विषयाच्या नावानंच ओळखली जात, त्यामुळं तो अर्थशास्त्रवाला झाला आणि माझ्या तोंडी आजही तेच नाव आहे. एका तेलाच्या दुकानावरची माडी आम्ही मिळून भाड्यानं घेतली होती. खालून जवसाच्या तेलाचा वास यायचा आणि शेजारच्या खाटेवरून त्याचे प्रश्न.

वांगी आणायला त्याला पाठवायचं तर त्या दिवशी पिठल्याची तयारी ठेवावी लागे. तो टोपलीपुढं उकिडवा बसायचा आणि वांग्याला हात न लावता त्या बाईला विचारायचा, की तू इथं बसलीस तर घरी चूल कोण पाहतं, सासू पाहत असेल तर सासूची नजर कशी आहे, धाकटं लेकरू कुणाच्या कडेवर आहे. बाई आधी संशयानं बोलायची, मग सांगत सुटायची. तेवढ्यात मागची गिऱ्हाइकं त्याच्या खांद्यावरून हात घालून चांगली वांगी उचलून नेत, आणि हा रिकामी पिशवी नि भरलेलं डोकं घेऊन जिना चढायचा. न्हाव्यासमोर बसला तर अर्ध्या दाढीवर चर्चा सुरू. एकदा तो गालावरचा साबण तसाच ठेवून वर्गात उभा राहिला होता अशी वदंता कॉलेजात होती. ती मीच पसरवली होती, पण विश्वास सगळ्यांनी ठेवला.

मयताला गेला तरी तेच. आमच्या गल्लीत एक म्हातारी बरेच महिने अंथरुणाला खिळून वारली. येणारा-जाणारा विचारत होता, कशानं गेल्या, वय काय होतं. हा मागच्या दारानं आत गेला आणि सुनेला विचारून आला, की इतके दिवस म्हातारीची कूस कोण बदलत होतं. ती बाई तोवर डोळ्यांतून टिपूस न काढता आल्या-गेल्याचं पाणी बघत होती. ती हातातला पाण्याचा गुंड खाली ठेवून भिंतीला टेकली आणि मोठ्यानं रडली. घरची माणसं आमच्याकडे रागानं पाहू लागली. परतताना मी त्याला बोललो, की अशा वेळी हे विचारतात का. तो म्हणाला, "तिले आतापर्यंत कोनी इचारलंच नव्हतं बाप्पा."

पीएच.डी.साठी त्याचे एक गाईड होते, नागपूरला. लेकरं, दुखणेकरी आणि म्हातारीकोतारी कोण सांभाळतं, त्या सांभाळण्याची किंमत कोण मोजतं, हा विषय घेऊन तो पहिल्यांदा त्यांच्याकडे गेला, तेव्हा ज्याला बाजारात भाव नाही त्याचं शास्त्र होत नसतं, असं सांगून त्यांनी त्याला छोट्या गावांतल्या किरकोळ व्यापाराचा विषय दिला. यानं निमूटपणे एक काळी कातडी बॅग विकत घेतली आणि वाशिमजवळच्याच मालेगावच्या बाजारपेठेत जायला सुरुवात केली. त्या बॅगेनं घोटाळा केला. तो मोटारीतून उतरला की विक्रीकरवाला आला अशी हाकाटी व्हायची आणि दोन्ही बाजूंची दुकानं सरसर मिटायची. अख्ख्या मालेगावात याला उघडी सापडत ती फक्त चहाची दुकानं. एका किराणावाल्यानं तर याच्या नकळत मोटारीच्या टपावर तुपाचा डबा चढवून दिला. हा प्रामाणिक माणूस पुढच्या मोटारीनं डबा परत घेऊन गेला आणि अत्यंत अदबीनं त्याला म्हणाला, की अशी देवाणघेवाण आपण कोणत्या खात्यावर मांडता ते कळलं तर माझ्या अभ्यासाला फार मदत होईल. तो दुकानदार दुकान मुलावर टाकून शिरपूरला देवदर्शनाला गेला आणि आठवडाभर तिथंच राहिला.

हे सगळं हसण्यासारखं होतं आणि आम्ही पोटभर हसलो. मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि हसू संपलं.

कॉलेजात निम्मी बाकं रिकामी पडली. पोरं घरच्यांबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. गावागावांत परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी भाजल्या जात होत्या आणि कामावर हजेरी लागेल त्याला पौष्टिक पिठाची सुकडी मिळत होती. अर्थशास्त्रवाल्याचं गाव मालेगावकडचं. त्या बाजूला रस्त्याचं एक मोठं काम निघालं होतं आणि त्याची चुलती, मावशी, वस्तीतल्या निम्म्या बाया त्यावर होत्या. दुकानदारांचा नाद सोडून हा दर सुट्टीला तिकडे जाऊन उन्हात बायांशेजारी बसू लागला. छपन्न साली त्याच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, त्या सुमाराला त्याची आई अशाच रस्त्याच्या कामावर होती आणि त्याच्या अक्कानं धाकट्या भावंडांना सांभाळायचं म्हणून शाळा सोडली होती. पुढं तो एम.ए. झाला आणि अक्काला सही येत नव्हती. हे त्यानं मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा विषय काढला नाही.

कामावर मजुरी खडीच्या ढिगाच्या मापावर होती. पदरचं पोर असलेली बाई मध्येच उठे, पाजे, परत बसे, आणि तिचा ढीग शेजारणीपेक्षा लहान राही. पोरं ढिगाजवळच चिंध्यांवर निजवलेली असत. दगडाच्या कपच्या उडत. रडणाऱ्याला अफूचा कण चाटवत आणि गप्प करत. पाळणाघराची सोय कागदावर होती म्हणे, पण कागदाची सावली पडत नाही. अर्थशास्त्रवाल्यानं सुट्टीमागून सुट्टी बसून, बायांना विचारून विचारून, ढीग मोजून एक टिपण तयार केलं. पोर जवळ असल्यानं काम कमी होतं, हा त्याचा निष्कर्ष. एक मांडव घाला, दोन म्हाताऱ्यांना हजेरीवर घेऊन पोरं त्यांच्या हवाली करा, खडी वाढेल आणि सरकारचा फायदाच होईल, ही शिफारस. मी म्हटलं, सरळ माणुसकीच्या भाषेत लिही. तो म्हणाला, "दया मांगतली त साहेब नियम दाखवते. नफा दाखवला त आयकते." स्वतःच्या या हुशारीवर तो इतका खूश होता, की त्या दिवशी वांगी त्यानं खरोखर आणली.

टिपण हाती पडल्यावर त्या कामाच्या इंजिनिअर साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावून चहा पाजला. टिपण फार शास्त्रशुद्ध आहे म्हणाले. आणि नंतरच्या आठवड्यात हुकूम निघाला, की अंगावर पिणारी मुलं असलेल्या स्त्रियांना कामावर घेऊ नये, कारण काम कमी होतं हे अभ्यासान्ती सिद्ध झालं आहे आणि मुलांच्या जिवालाही धोका आहे. शिफारशीपर्यंत वाचायला त्यांना सवड झाली नसावी, किंवा झाली असेल आणि मांडवापेक्षा हुकूम स्वस्त पडला असेल. यानं जाऊन विचारलं तेव्हा साहेबांनी त्याचे मनापासून आभार मानले.

तो कामावर गेला, त्या दिवशी मी बरोबर होतो. मुकादम हजेरी घेत होता. रस्त्याच्या कडेला काढून टाकलेल्या बाया पोरं घेऊन बसल्या होत्या, घरी जाऊन करायचं तरी काय म्हणून. हजेरी नाही म्हणून सुकडी नाही, सुकडी नाही म्हणून दूध आटत चाललेलं. त्यातली सुभद्रा नावाची एक बाई, जिनं याला सगळ्यात जास्त माहिती दिली होती, ती उठून समोर आली. शिव्या देईल असं मला वाटलं. तिनं आवाज चढवला नाही.

"मास्तर, तुमी इचारलं, आमी सांगतलं," ती म्हणाली. "आता ह्या लेकराले कुठी ठेवू, थे बी तुमीच सांगा."

त्यानं बॅग खाली ठेवली आणि दोन्ही हात पुढं केले. सुभद्रानं मूल त्याच्या हातांत जवळजवळ कोंबलं, आणि मागं न बघता मुकादमापुढं जाऊन उभी राहिली. मूल दिसत नाही, तेव्हा हुकूम लागू होत नाही. मुकादमाला नाव लिहावं लागलं.

तिथून जरा आत एका शेताच्या बांधावर, म्हणजे आमच्याकडच्या धुऱ्यावर, कडुनिंबाचं झाड होतं. अर्थशास्त्रवाला त्या झाडाखाली जाऊन बसला आणि पावसाळ्यापर्यंत उठला नाही म्हटलं तरी चालेल. कॉलेजातून त्यानं बिनपगारी रजा काढली. सुभद्राचं पाहून दुसरी आली, मग बाकीच्या आल्या. फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या गेल्या. मी जाई तेव्हा टेरिलिनच्या पँटवर ओले नकाशे घेऊन तो एका झोळीकडून दुसरीकडे धावत असे. अंगाई त्याला एकही येत नव्हती, म्हणून घटत्या फलाचा नियम तो भूपाळीच्या चालीवर म्हणायचा. पोरं झोपायची. तुझ्या वर्गातली पोरंही त्या नियमानं झोपायची, असं मी त्याला सांगितलं तेव्हा बऱ्याच दिवसांनी तो थोडा हसला. अफू मात्र त्यानं पहिल्याच दिवशी बंद केली, त्यामुळं सगळी एकदम रडायला लागली की धुऱ्यावर यात्रा भरल्यासारखं वाटे. बाया दुपारच्या सुट्टीत येऊन पाजून जात. त्याच्याशी फार बोलत नसत. सुभद्रा तर अजिबात नाही.

आठवड्याभरानं त्याची अक्का गावाहून चालत आली. झाडाखालचा देखावा तिनं कमरेवर हात ठेवून पाहिला. "येवढं शिकून शेवटी माह्यंच काम हाती घेतलं रे बाबू," ती म्हणाली, आणि तिनं त्याच्या काखेतलं पोर काढून आपल्या काखेत मारलं. मग तीही रोज येऊ लागली.

याची नोंद जिथं व्हायची तिथं झाली. धुऱ्याची जागा सरकारी कामाच्या हद्दीत येते, असं मुकादमानं कळवलं. अक्कानं नि त्यानं झोळ्या सोडून पलीकडच्या बाभळीला बांधल्या, सावली कमी होती तरी. आमच्या संस्थाचालकांना प्राध्यापकानं मजुरांची पोरं धुणं कॉलेजच्या इभ्रतीला शोभत नव्हतं. त्याची नेमणूक तात्पुरतीच होती, ती पुढं वाढवली नाही. काढून टाकलं असं म्हणायची गरजच पडली नाही. गाईडकडे तो मला घेऊन गेला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की संशोधकानं पाहायचं असतं, मध्ये पडायचं नसतं, तुम्ही तुमचा नमुना बिघडवलात, आता ही आकडेवारी निरुपयोगी झाली. नमुना म्हणजे ती झोळीतली पोरं. यानं त्यांना पाठवलेलं आधीचं टिपण मात्र गाईडनी निरुपयोगी मानलं नसावं. पुढं एका परिषदेत त्यांनी ते स्वतःच्या नावावर वाचलं आणि चांगलं झालं असं म्हणतात. शिफारस त्यातही नव्हती.

पाऊस लागला तशी कामं बंद झाली. बायांनी झाडावरची लुगडी सोडली, घड्या केल्या, आपापली पोरं उचलली आणि पेरणीला गेल्या. आभाराचं कुणाला सुचलं नाही, आणि ते सुचायला हवं होतं असं त्यालाही वाटलं नाही. पुढं त्याला एका खेड्यातल्या हायस्कुलात नोकरी मिळाली. प्रबंध त्यानं कधीच लिहिला नाही. मला पुढं बढती मिळाली, मी वाशीम सोडलं, आणि वर्षाकाठच्या पोस्टकार्डांवर आमची मैत्री राहिली, तीही हळूहळू विरत गेली.

माडी सोडून तो निघाला, त्या सकाळी त्याची ट्रंक घेऊन मी मोटारस्टँडवर गेलो होतो. मालेगावची गाडी खच्चून भरली होती. त्याला खिडकीजवळ जागा मिळाली. शेजारी एक बाई बसली होती, बोचकं पायाशी, नवऱ्याशी मोठमोठ्यानं भांडत. तिचं वर्ष-दीड वर्षाचं पोर तिच्या मांडीवरून घसरलं, अर्थशास्त्रवाल्याच्या मांडीवर चढलं, आणि त्याच्या दंडावर गाल ठेवून, तोंडात अंगठा घालून झोपलं. आईनं वळूनही पाहिलं नाही. मी खिडकीखाली उभा राहून काहीतरी बोलायचं म्हणून, पोचलास की कळव, असं म्हटलं. त्यानं बोटानं गप्प राहायची खूण केली. गाडी सुरू झाली, धक्का बसला, त्यानं पोराच्या डोक्यामागं तळवा धरला. मी बराच वेळ हात हलवत राहिलो. त्याचे दोन्ही हात अडकलेले होते.