प्रागच्या भिंतींना लावलेला ओळंबा

बॉयलरच्या नळीत क्षार साठतो, तो कुणी मुद्दाम साठवत नाही. रोज थोडा थोडा बसतो आणि एक दिवस नळी ठोकली की खपल्या निघतात. किश्शांचं तसंच असतं. तीन महिन्यांत आम्ही तिघांनी केवढे जमवले होते! त्यातले दोघं आता नाहीत. म्हणून मीच ठोकून बघतो, काय निघतं ते.

* * *

पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. पिंपरीला औषधाची कंपनी नवीन निघाली होती. यंत्रं प्रागची, म्हणून ती शिकायला तिघांना तीन महिने प्रागला धाडायचं ठरलं. कोकणातले पेडणेकर साहेब, कारण त्यांना इंग्रजी येत होतं. चाकणकडचा सोपान फिटर, कारण त्याच्या हातात कसब होतं. आणि मी, चौथी शिकलेला बॉयलरवाला. मला का निवडलं ते अजून कळलेलं नाही.

गावाकडं आत्यानं विचारलं, "प्राग मंजी मुंबईच्या म्होरं व्हय?"

मी म्हटलं, "व्हय, म्होरंच." खोटं बोललो नाही.

* * *

सोपानचे वडील आण्णा, नामांकित गवंडी. सोपान निघाला तेव्हा आण्णांनी त्याच्या खिशात आपला पितळी ओळंबा घातला. भिंत सरळ आहे का ते बघायची दोरी आणि वजन, एवढंच ते हत्यार. म्हणाले, "तिकडं पाच-पाचशे वर्षांच्या भिंती हायेत म्हणं. लावून बघ. सरळ हायेत म्हनूनच उभ्या असत्याल. येऊन मला सांग."

यामागं एक दुखणं होतं. बारा वर्षांपूर्वी आण्णांच्या धाकट्या भावानं, तात्यानं, समोरच घर बांधलं. आण्णांनी भर गावात त्या भिंतीला ओळंबा लावला आणि ती बोटभर कललेली निघाली. आण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही भिंत पडंल." त्या दिवसापासून दोघं भाऊ बोलत नव्हते. दारात दार, पण बारा वर्षांत कुणी कुणाचा उंबरा ओलांडला नाही.

सोपान लहानपणी तात्याच्या खांद्यावरच वाढला होता. बोटीत तिसऱ्या दिवशी मला म्हणाला, "आईची आठवण येतीया, पर तात्याची जास्त येतीया. आईला निदान सांगून तरी आलो." तात्याला सांगायला जायची त्याला बंदी होती.

* * *

कारखाना शहराबाहेर होता. रविवारी सुट्टी मिळायची, तेव्हा आम्ही ट्रामनं मधल्या जुन्या भागात जायचो. पहिल्या रविवारी तीनदा वाट चुकलो आणि तिन्ही वेळा एकाच चौकात येऊन पोचलो. तिथं एका मोठ्या घड्याळाखाली माणसं माना वर करून उभी होती.

सोपान म्हणाला, "रेशनचं काईतरी दिसतंय." मग आम्हीही उभे राहिलो.

तास भरला. वरची दोन दारं उघडली, आतून लाकडी संतांच्या मूर्ती एकेक करून दिसल्या, दारं मिटली. गर्दी हसत हसत पांगली. सोपान बराच वेळ तिथंच उभा.

"कुणाला कायबी मिळालं न्हाई," तो म्हणाला, "तरी समदी खूश!"

* * *

नदीवर जुना दगडी पूल आहे. दोन्ही कठड्यांवर त्यांच्या संतांच्या मूर्ती. पहिल्या मूर्तीला मी सवयीनं नमस्कार केला. मग दुसरीला न करून कसं चालेल? तिसरीला? पेडणेकर साहेब लाजून पुढं निघून गेले. सोपान एका कठड्यानं, मी दुसऱ्यानं, असे आम्ही सगळ्यांना हात जोडत चाललो.

मागून एक म्हातारी येत होती. ती आधी थांबून आमच्याकडं बघत राहिली. तेव्हा तिथल्या राजवटीत उघड देवधर्म करायला माणसं भ्यायची. मग इकडंतिकडं बघून तिनंही हळूच छातीवर क्रूस काढला. पुलाच्या टोकाला तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलली आणि गेली. तिचे हात माझ्या आजीसारखे खरबरीत होते. ती काय बोलली हे मला आजही जाणून घ्यायचं आहे.

* * *

एका रविवारी सोपाननं ओळंबा बाहेर काढला. जुन्या घराच्या भिंतीला दोरी धरली. भिंत हातभर कललेली! दुसरं घर बघितलं, तेही तसंच. तेवढ्यात पोलीस आला. पेडणेकर साहेब इंग्रजीत बोलले, पोलीस त्याच्या भाषेत बोलला, कुणालाच काही कळेना. शेवटी पोलिसानं दोरी स्वतःच्या हातात घेतली, एक डोळा मिटून भिंत बघितली आणि मोठ्यानं हसला. मग आम्हाला खूण करून पलीकडच्या गल्लीत घेऊन गेला, याहून वाकडी भिंत दाखवायला.

त्या गल्लीत दोन घरं समोरासमोर कललेली होती. वरती मध्ये दगडी कमान टाकलेली. या घराला त्या घराचा आधार, त्याला याचा. चारशे वर्षं, पोलिसानं बोटांनी सांगितलं.

सोपानचं हसू मात्र गेलं. ट्राममध्ये म्हणाला, "सरळ हायेत म्हनून सांगितलं, तर तात्याचं दार कायमचं बंद. वाकड्या हायेत म्हनून सांगितलं, तर आण्णांचा जनमभराचा शबूद खाली पडंल. काय करू?"

पेडणेकर साहेब म्हणाले, "वेळ मिळाला नाही म्हणून सांग."

मी खिडकीतून मागं जाणाऱ्या भिंती बघत राहिलो. मला सुचायला उशीर लागतो.

* * *

शेवटच्या रविवारी आम्ही कुणाला न विचारता फिरलो आणि एकदाही चुकलो नाही. त्याचंच वाईट वाटलं. गल्ल्या पायांना कळायला लागल्या आणि निघायची वेळ आली. पेडणेकर साहेबांनी पुलावरच्या पहिल्या मूर्तीला, आम्ही बघत नाही असं समजून, नमस्कार केला.

आता झोप येत नाही तेव्हा मी त्या गल्ल्यांतून चालतो. घड्याळाच्या चौकातून पुलाकडं. सोबतीला ते दोघं असतात.

* * *

परत आल्यावर सोपान मला त्याच्या गावी घेऊन गेला. एकट्याला सांगायचा धीर होईना. आण्णा ओसरीवर बसले होते. समोरच्या दारात तात्या सुपलीत काहीतरी निवडत होता. मान खाली, पण कान इकडं.

सोपाननं सगळं सांगून टाकलं. "आण्णा, एकबी भिंत वळंब्यात न्हाई."

"मग उभ्या कशा?"

सोपाननं त्या गल्लीतलं सांगितलं. आण्णांनी कमानीची रुंदी विचारली. दगड कोणता, विचारलं. चुना किती, ते विचारलं. चहा निवून गेला.

एकदम उठले. पायांत चपलाही घातल्या नाहीत. अंगण ओलांडून तात्याच्या घरी गेले आणि त्याच भिंतीला पाठ टेकवून जमिनीवर बसले.

तात्यानं सुपली खाली ठेवली.

"दादा," तो म्हणाला, "पडंल की ती."

आण्णांनी डोळे मिटून घेतले.

"पडू दे."