घंटेतला घास

नात सकाळी माझ्यापुढं ओट्सची वाटी ठेवते. रात्रभर दुधात भिजलेले, वर सफरचंदाच्या फोडी. "गॅससुद्धा पेटवावा लागत नाही, आजी," म्हणते. त्या ओल्या धान्याच्या वासानं मी जिंतूरकडच्या आमच्या ज्वारीत जाऊन बसते.

निजामाच्या राज्यातले शेवटचे दिवस होते. गावं लुटणारे घोडेस्वार येणार म्हणून आम्ही उभ्या पिकात लपलो होतो. धूर दिसेल म्हणून चूल पेटवायची नव्हती. आईनं लाह्यांचं पीठ दुधात भिजवून त्यात सीताफळाचा गर कालवला. पहिला घास गाईला, ही तिची रोजची रीत. घास हातात घेतला आणि सवयीनं ती बोलून गेली, "ये गं कपिले."

मोकळी सोडलेली कपिला खरंच आली, ज्वारीची ताटं मोडत, गळ्यातली घंटा वाजवत. तेवढ्यात बांधापलीकडं टापा ऐकू आल्या.

"काय केलंस हे," वडील पुटपुटले.

आईनं हातातला घास घंटेत कोंबला. मग पातेल्यातलं उरलेलं पीठही. घंटा मुकी झाली. बाहेर टापा थांबल्या. एक घोडा फुरफुरला. आईचा तळवा घंटेवर तसाच दाबलेला होता. बऱ्याच वेळानं टापा लांब गेल्या.

आईनं बोटानं पीठ कोरून काढलं. आधी कपिलेला दिलं, मग मला. "खा बाई. लय भूक लागली आसंल." त्याला पितळेची चव होती.

नातीला वाटतं, दातांमुळं मी हळूहळू खाते. मी चमचा वाजू देत नाही.